विजेचं बिल खिशात घालून व्याख्यानाला

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. विज्ञानाचा आणि माझा संबंध बारावीत सुटला तो सुटलाच. सात-आठ वर्षांपूर्वी एका मित्रानं ओढून हवामान बदलावरच्या व्याख्यानाला नेलं. वक्ते बाहेरगावाहून आलेले, अभ्यास दांडगा, बोलणं गोड. दीड तासात पन्नासेक स्लाइड सरकल्या. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय सांगितलं मग?" मी म्हणालो, "पृथ्वी तापायलीय." ती म्हणाली, "ते तर मला गच्चीवर पापड वाळवतानाच कळलंय."

दीड तास ऐकून माझ्याकडं तिच्यापेक्षा जास्त काहीच आलं नव्हतं. दोष वक्त्यांचा नव्हता. मी रिकाम्या हातानं गेलो होतो, रिकाम्या हातानं परत आलो. पुढं हळूहळू एक युक्ती सापडली. ऊर्जा, हवामान, पर्यावरण यांच्या व्याख्यानाला जाताना आपल्या घरचा किंवा गावचा एक तरी आकडा सोबत न्यायचा. वक्ता जगाचे आकडे सांगत असतो. आपला आकडा त्यांच्या शेजारी ठेवला की ते बोलायला लागतात. ज्यांना जावंसं वाटतं, पण "आपल्याला काय कळणार" म्हणून राहून जातं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. तारखा हेरून ठेवा

विज्ञानाची व्याख्यानं बारा महिने सारखी नसतात, झुबक्यानं येतात. सगळ्यात मोठा हंगाम २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाचा. सी. व्ही. रामन यांचा शोध १९२८ सालचा, त्याची ही तारीख. मार्चमध्ये २२ ला जल दिन आणि लगेच २३ ला हवामानशास्त्र दिन. मग ५ जूनचा पर्यावरण दिन, १६ सप्टेंबरचा ओझोन दिन, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह आणि १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन. या तारखांच्या आधी आठवडाभर वर्तमानपत्रातल्या सोलापूरच्या पानावर नजर ठेवायची. बातमी बोटभर असते, बहुतेक वेळा तळाशी. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत व्याख्यान ठेवणाऱ्याला मात्र मी धाडसीच म्हणेन.

ठिकाणं ठरलेली आहेत. केगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, तिकडंच हिरज रस्त्यावर विज्ञान केंद्र, शहरात वालचंद, दयानंद, संगमेश्वर ही महाविद्यालयं, मोठा कार्यक्रम असला तर हुतात्मा स्मृती मंदिर किंवा फडकुले सभागृह. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम करत आली आहे आणि तिचे विभाग गावोगाव आहेत. कॉलेजातला कार्यक्रम फक्त विद्यार्थ्यांसाठी असेल असं धरून परत फिरू नका. गेटवर किंवा त्या विभागात फोन करून "बाहेरच्यांना चालेल का" एवढं विचारायचं. मला आजवर एकदाच नाही म्हणाले, आणि तेही खुर्च्या कमी होत्या म्हणून.

केगावला जाणार असाल तर परतीचं आधी ठरवा. पुणे रस्त्यावर रात्री साडेसातला रिक्षाची वाट बघत उभं राहिलं की ऐकलेलं निम्मं तिथंच उडून जातं.

पुण्याला जायची तयारी असेल तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून संध्याकाळी त्याच गाडीनं परतता येतं. पण नवख्यानं त्या खर्चात लगेच पडू नये. आधी चार व्याख्यानं गावातली ऐकावीत.

२. निघण्याआधी अर्धा तास बिल समोर घ्या

महावितरणचं बिल आपण फक्त शेवटची रक्कम आणि तारीख बघून बाजूला ठेवतो. या वेळी ते नीट वाचा. मंजूर भार किती किलोवॅट, या महिन्यात किती युनिट जळले, मागच्या महिन्यांत किती जळले होते, हे सगळं त्यावर असतं. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार या ओळींवर पेन्सिलीनं खूण करा. ऊर्जेवरच्या व्याख्यानात यातला एखादा शब्द हमखास येतो, आणि आला की तुम्हाला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं.

आता पहिला घोटाळा मिटवू. किलोवॅट आणि युनिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शिकलेली माणसंही त्यांची सरमिसळ करतात. आपल्या गावात हे समजायला माग बघावा. माग किती वेगानं चालतो ते किलोवॅट. संध्याकाळपर्यंत किती मीटर कापड उतरलं ते युनिट. एक अश्वशक्तीची मोटर ७४६ वॅटची असते. ती पूर्ण भारावर दहा तास चालली तर साधारण साडेसात युनिट. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला तर एक युनिट. बस, एवढंच आहे.

हे कळलं की मोठे आकडेही घाबरवत नाहीत. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचं औष्णिक केंद्र आहे. ६६० मेगावॅटचे दोन संच, म्हणजे १,३२० मेगावॅट. ते पूर्ण भारावर एक तास चाललं तर १३ लाख २० हजार युनिट. उद्या कुणी व्यासपीठावरून म्हणालं, "तेवढ्याच मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करू", तर मेगावॅट सारखे असले तरी युनिट सारखे येणार नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं पाहिजे. आपल्या भागात एक किलोवॅटचं पॅनल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिट देतं. एक किलोवॅट औष्णिक क्षमता चोवीस तास पूर्ण भारावर चालली तर चोवीस युनिट देईल. पण ती तशी कधीच चालत नाही, तिला रोज कोळसा लागतो आणि पाणी उजनी धरणाचं लागतं. दोन्ही बाजूंची बेरीज-वजाबाकी वक्त्यानं करायला हवी. त्यानं नाही केली तर आपला प्रश्न तयार: "वर्षाला युनिट किती?"

दुसरं गणित घरचं. भारतातल्या ग्रिडवरची एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माझं बिल महिन्याला १४० युनिटचं. १४० गुणिले ०.७ म्हणजे ९८ किलो. जवळजवळ एक क्विंटल! पोत्यात भरून दारात आणून टाकला असता तर दर महिन्याला हमालीवरून वाद झाला असता. तुमचा आकडा काढा आणि बिलाच्या मागे लिहा. हाच तुमचा सोबत न्यायचा आकडा.

छपरावरच्या सौर पॅनलचं अनुदान किती मिळतं, हा प्रश्न मात्र विज्ञानाच्या व्याख्यानात विचारू नका. २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार हा आकडा सगळीकडं छापून आलेला आहे आणि पुढची माहिती महावितरणच्या कार्यालयात मिळते. हा प्रश्न निघाला की सभागृहातली निम्मी माणसं कोटेशन विचारायला लागतात आणि शास्त्रज्ञ बिचारा उभा राहतो.

३. सभागृहात

तिसऱ्या-चौथ्या रांगेत मधोमध बसा. पहिली रांग पाहुण्यांची, शेवटची गप्पांची. बाजूला बसलं तर पडदा तिरका दिसतो आणि आलेखावरचे बारीक आकडे वाचता येत नाहीत.

दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय, शाल, श्रीफळ आणि पुन्हा आभारासारखं काहीतरी यात पाऊण तास जातो. त्या वेळात कुरकुरू नका, वही काढा. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडं वक्त्याचा आकडा लिहायचा, उजवीकडं तीन शब्द: कशाचा, कुठला, कधीचा. सगळी वाक्यं उतरवायच्या नादी लागू नका. दीड तासात सहा आकडे नीट पकडले तरी पुष्कळ झालं. प्रत्येक स्लाइडचा मोबाइलवर फोटो काढणारे लोक मी पाहिलेत. ते फोटो पुढं कुणी उघडलेले मात्र पाहिले नाहीत.

४. टक्के ऐकले की "कशाचे?"

या पायरीवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. आणि सोलापूरकराला ही गोष्ट शिकवायला उजनीसारखा मास्तर नाही.

उन्हाळ्यात आपल्या पेपरात बातमी येते, "उजनी उणे तीस टक्के." बाहेरच्या माणसाला हे वाक्य ऐकून भोवळ येते. धरणात उणे पाणी कसं असेल? आमच्या गल्लीतले अण्णा, आयुष्यभर माग चालवलेला माणूस, एकदा माझ्यासोबत पाण्यावरच्या व्याख्यानाला आले होते. वक्त्यांनी पडद्यावर टक्क्यांचा आलेख लावला. अण्णांनी बसल्या जागेवरून विचारलं, "साहेब, शंभर टक्के म्हणजे किती?" सभागृहात थोडं हसू पसरलं. पण त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता.

हिशेब असा आहे. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी, आणि त्याच्या वरचं ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. पेपरातले टक्के या वरच्या ५३.५७ चे असतात. शून्य टक्के म्हणजे धरण रिकामं झालं असं नाही. उपयुक्त साठा संपला, पण खाली ६३ टीएमसीहून जास्त पाणी अजून आहे. त्यात हात घातला की आकडा उणे व्हायला लागतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे साठच्या जवळ गेला होता. ५३.५७ चे साठ टक्के म्हणजे ३२ टीएमसी. तेवढं मृतसाठ्यातून गेलं, राहिलं साडेएकतीसच्या आसपास. एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर, हेही वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

म्हणजे "उणे साठ" ऐकून धरण कोरडं पडलं म्हणणारा चुकतो, आणि "अजून साडेएकतीस टीएमसी आहे की" म्हणून निवांत बसणाराही चुकतो. तळाच्या पाण्यात गाळ असतो आणि ते उचलायला खर्च वेगळा. अण्णांच्या प्रश्नावर वक्त्यांनी हे सगळं दहा मिनिटं समजावून सांगितलं आणि पुढच्या चार स्लाइड गाळल्या. आमचं काही नुकसान झालं नाही.

आता हाच "कशाचे?" दुसरीकडं लावून बघा. एप्रिलमध्ये हवामान खातं सांगतं, पाऊस सरासरीच्या इतके टक्के पडेल. कशाची सरासरी? संपूर्ण देशाची, जून ते सप्टेंबरची, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची, आणि ती ८७ सेंटिमीटर आहे. सोलापूर जिल्ह्याची वर्षाची सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, म्हणजे ५०-५५ सेंटिमीटर. शिवाय एप्रिलच्या त्या अंदाजात पाच टक्के इकडं-तिकडं होण्याची चूक धरलेली असते. देशात १०४ टक्के पाऊस पडला आणि बार्शीत पेरणी वाळली, तरी दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तिसरं उदाहरण तर आपल्याच आभाळातलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात मेघबीजनाचा प्रयोग केला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळं आपल्याकडं ढग येतात, पण हात झटकून पुढं जातात. म्हणून ही जागा. विमानातून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या कणांचा धूर सोडायचा. हे कण ओलावा ओढून घेतात, थेंब मोठे होतात आणि पडायची शक्यता वाढते. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. बीजन केलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी १८ टक्के जास्त पाऊस.

हे ऐकून चहाच्या टपरीवर एकच निघतं, "मग दुष्काळ का पडतो?" पुन्हा तोच प्रश्न लावा. अठरा टक्के कशाचे? जो पाऊस त्या ढगातून एरवी पडलाच असता, त्याच्या वर अठरा. ढगच नसेल तर शून्याचे अठरा टक्के शून्य. आणि ढगही कुठलाही चालत नाही. त्यात पाणी आणि वर चढणारी हवा पुरेशी असावी लागते. प्रयोगातली मला आवडलेली गोष्ट निराळीच. निवडलेल्या ढगांपैकी काहींवर फवारणी केली, काही मुद्दाम तसेच सोडले आणि दोघांची तुलना केली. काय तसंच सोडून दिलं होतं, हा प्रश्न कुठल्याही प्रयोगाबद्दल विचारता येतो. औषधाच्या जाहिरातीलासुद्धा.

५. आलेख वाचताना

आलेख आला की आधी रेघ बघू नका. आधी खाली बघा, वर्षं कुठून कुठपर्यंत आहेत. मग डावीकडं, उभ्या अक्षावर काय मोजलंय आणि सुरुवात कुठून आहे. मगच रेघ. उभा अक्ष शून्याऐवजी नव्वदपासून सुरू केला की टेकाडाचा डोंगर होतो. मला हे कसं माहीत? बँकेत द्यायच्या कागदांसाठी विक्रीचा आलेख मीच काढतो.

तापमानाच्या आलेखात शून्याचा अर्थ वेगळा असतो. ते बर्फाचं शून्य नव्हे. जुन्या एखाद्या काळाची सरासरी म्हणजे शून्य, आणि तिच्यापेक्षा किती जास्त ते वर. हा जुना काळ कुठला धरला, आणि आकडा कुठला, कुठल्या वर्षांचा, यावर सगळं अवलंबून. म्हणून एक वक्ता १.१ अंश म्हणतो, दुसरा १.५ च्या वर म्हणतो, तिसरा ०.७, आणि आपल्याला वाटतं, यांचंच यांना ठाऊक नाही. तिघेही बरोबर असतात. २०११ ते २०२० या दशकाचं जगाचं सरासरी तापमान १८५० ते १९०० च्या मानानं १.१ अंश सेल्सिअसनं जास्त होतं. २०२४ हे एकटं वर्ष त्याच मापानं सुमारे १.५५ नं जास्त होतं. आणि ०.७ हा भारताच्या सरासरीचा, १९०१ ते २०१८ या काळातल्या वाढीचा. उजव्या रकान्यातले तीन शब्द इथं कामी येतात.

"त्रेचाळीसचं साडेचव्वेचाळीस झालं तर काय बिघडतं, आपण काय नवीन आहोत का उन्हाला?" हे मी स्वतःही म्हणायचो. पण तो दीड अंश सोलापूरच्या मे महिन्यातल्या दुपारवर चढवायचा नसतो. त्यात समुद्र आला, ध्रुव आले, रात्र आली, हिवाळा आला. एवढ्या मोठ्या सरासरीला दीड अंशानं हलवायला प्रचंड उष्णता लागते, आणि तिचा फार मोठा वाटा समुद्र गिळतो. जमीन सरासरीपेक्षा जास्त तापते.

बरं, आपलं त्रेचाळीस तरी कुठलं? हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. पत्र्याच्या शेडमधल्या मागापाशी काय होतं ते त्या आकड्यात नाही. आणि सपाट प्रदेशात "उष्णतेची लाट" म्हणायची तर पारा किमान चाळीसवर हवा आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, नाहीतर सरळ पंचेचाळीस. सोलापूरची मे महिन्यातली नेहमीचीच पातळी चाळिशीच्या आसपास. त्यामुळं ४३ ला आपण भाजून निघत असलो तरी कागदावर लाट नसते. आरोग्यावर बोलणारा वक्ता मिळाला तर हा विषय जरूर काढा.

६. चादरीची उपमा आली की

येणारच. सोलापुरात पाऊल ठेवलेला प्रत्येक वक्ता हरितगृह परिणाम समजावताना म्हणतो, "तुमच्या गावच्या चादरीसारखं समजा, पृथ्वीनं पांघरूण घेतलंय." लोक खूश होतात, टाळ्या पडतात. उपमा वाईट नाही, पण तिच्यावर फार वजन टाकू नका. चादर अंगाजवळची गरम हवा अडवते. कार्बन डायऑक्साइड हवा अडवत नाही. तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर फेकत असते, ते हा वायू शोषतो आणि त्यातला काही भाग पुन्हा खाली पाठवतो. उन्हाचा दिसणारा उजेड मात्र त्यातून बिनतक्रार आत येतो. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच याचं गणित मांडलं होतं, म्हणजे हे कालपरवाचं खूळ नव्हे.

आणि "एवढ्याशा वायूनं काय होतं" असं शेजारचा म्हणाला तर आकडा सांगा. कारखानदारीच्या आधी हवेच्या दशलक्ष भागांत तो २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. म्हणजे दहा हजार रेणूंमध्ये चार. थोडा आहे हे खरं. पण हवेचा बाकीचा बहुतेक भाग, नायट्रोजन आणि ऑक्सिजन, हे किरण जवळजवळ अडवतच नाहीत. दहा जणांच्या कारखान्यात एकालाच हिशेब येत असेल तर तो थोडा आहे म्हणून कुणी काढून टाकत नाही. (हे मी मालकांना ऐकू जाईल असं लिहितोय.)

७. "बहुधा", "दाट शक्यता"

शास्त्रज्ञ "बहुधा" म्हणाले की आपल्याला वाटतं, खात्री नाही. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, अहवालांत मात्र या शब्दांना मापं ठरवून दिली आहेत. आपण ज्याला "शक्यता आहे" म्हणतो त्याचं माप किमान ६६ टक्के, "दाट शक्यता" किमान ९०. वक्ता मराठीत बोलताना हे शब्द सैल वापरतो, म्हणून हळूच विचारावं की अहवालातला शब्द कुठला होता. त्याला बरं वाटतं, कुणीतरी वाचून आलंय म्हणून.

८. प्रश्न विचारायचा कसा

माझा पहिला प्रश्न चार मिनिटांचा होता. उजनी, ऊस, साखर कारखाने, सरकार, सगळं त्यात आलं. अध्यक्ष म्हणाले, "तुमचा प्रश्न काय आहे?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो मी विसरलोय. माइक पुढं गेला. त्या दिवशी चहाला थांबलो नाही.

आता नियम केलाय. प्रश्न व्याख्यान चालू असतानाच वहीत लिहायचा आणि वाचून दाखवायचा. माहीत आहे ते अर्ध्या वाक्यात, माहीत नाही ते एका वाक्यात. "सोलापुरात प्रदूषण वाढलंय, त्यावर आपलं मत काय?" याला उत्तर म्हणून आणखी एक भाषणच मिळेल. त्याऐवजी असं विचारा: "हवा सुधारायच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या यादीत सोलापूर आहे. आपल्याकडचे धूलिकण जास्त करून रस्त्याच्या धुळीचे की धुराचे, आणि हे ओळखतात कसं?" यातलं "ओळखतात कसं" हे सोन्यासारखं आहे. शास्त्रज्ञाला मत विचारलं की तो सावध होतो, रीत विचारली की खुलतो.

मराठीत विचारा. वक्त्यांनी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली असली तरी. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल आणि मराठी अडखळत असेल तरी विचारा, सोलापुरात त्याला कुणी हसत नाही.

आणि एक. व्याख्यान संपल्यावर कागदी कपातला चहा घेत वक्त्याभोवती पाच-सहा जण उभे असतात. खरं व्याख्यान बऱ्याचदा तिथं होतं. तिथं आपलं बिल काढायला लाजू नका. एका ऊर्जा-संशोधकांनी माझं बिल हातात घेऊन पाच मिनिटं मागच्या महिन्यांचे आकडे वाचले. एप्रिल-मेमध्ये युनिट दुप्पट का होतात ते विचारलं, घरातले पंखे किती जुने ते विचारलं. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, नवा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तिसाच्या आसपास. चार पंख्यांचा हिशेब त्यांनी बिलाच्याच पाठीवर करून दिला. ते बिल अजून माझ्याकडं आहे.

९. मग बघायला जा

ऐकलेलं पाहिल्याशिवाय टिकत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधनाची सुरुवात १९३० च्या दशकातली. रब्बीची मालदांडी ज्वारी मोहोळच्या केंद्रावर निवडली गेली. परतीच्या पावसाची ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीवर ती थंडीत वाढते. हवामानाशी जुळवून घेणं म्हणजे काय, हे मंगळवेढ्याच्या शिवारात डिसेंबरमध्ये उभं राहिलं की स्लाइडविना कळतं.

नान्नज हे गाव सोलापूर शहरापासून वीसेक किलोमीटरवर. तिथं १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. आता माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका, देशभरात मिळूनच ते दीडशेच्या आसपास उरलेत. माळरान बघायला जा. ज्याला सातबारावर पडीक म्हणतात, त्यात किती गवतं, किती पक्षी आहेत ते दिसेल. जायच्या आधी एक गोष्ट माहीत असू द्या. राजस्थान-गुजरातमध्ये सौर आणि पवन प्रकल्पांच्या वीजवाहिन्यांना धडकून माळढोक मरतात, म्हणून २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला. एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला कोळशाशिवायची वीज. दोन्ही पर्यावरणाच्याच बाजू. ऊर्जेवरच्या व्याख्यानात हा विषय काढला की वक्ता सोपं उत्तर देतो की थांबून विचार करतो, यावरून मी माणूस जोखतो.

शेवटी अण्णांबद्दल. त्या उजनीच्या व्याख्यानानंतर त्यांनी गच्चीवर सरळ उभ्या भिंतींचा एक डबा ठेवला. वर झाड नाही, टाकी नाही, पन्हळीचं पाणी येत नाही अशी जागा. रोज सकाळी पट्टी बुडवून किती मिलिमीटर ते वहीत लिहितात. अडीच मिलिमीटरच्या वर असेल तर शेजारी फुली, कारण हवामान खात्याच्या हिशेबात तोच पावसाचा दिवस. गेल्या पावसाळ्यात ते ती वही घेऊन व्याख्यानाला आले. आपल्या पेठेत पडलेला पाऊस आणि पेपरात छापलेला सोलापूरचा पाऊस यांत एका दिवशी चाळीस मिलिमीटरचा फरक होता, तो त्यांनी वक्त्यांना दाखवला आणि विचारलं, "साहेब, यातलं चूक कोण?" वक्ते म्हणाले, "कुणीच नाही," आणि पानाचा फोटो काढून घेतला. चहाला थांबले तेव्हा त्यांनी अण्णांना एकच दुरुस्ती सांगितली. मोजायची वेळ रोज एकच ठेवा, सकाळी साडेआठ.